शेनिन की सॉव्हिन्याँ?

‘बाबा, रविवारी सुरमई तळणार आहे. येताना एक व्हाइट वाइन घेऊन या,’ लेकीचा फोन आला तेव्हा सौ. देवळात गेली होती, हे बरं झालं. आमच्या घरात बाटली हा शब्ददेखील फक्त केरोसिनची किंवा काकवीची.

पण नाशिकला बँकेत बरीच वर्षं काढलेल्या माणसाला वाइन आधी भेटली ती कर्जाच्या फायलीत. 2000 साली सुलाची शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ बाजारात आली. पुढच्याच वर्षी सरकारचं वाइन धोरण आलं आणि थॉमसन सीडलेसचे बागाईतदार आमच्या टेबलाशी येऊ लागले. 2005 साली त्यांतल्या एकानं विचारलं, ‘साहेब, वायनरीला दोन्ही चालतात. कुठली लावू?’

मी कागद चाळले आणि ‘शेनिन’ म्हणालो. कागदावर सगळं चोख होतं. हा वेल भरघोस धरतो, उष्ण हवेतही द्राक्षातली आंबटी टिकवतो. कर्ज मंजूर झालं.

2008 च्या अखेरीस मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. पुढच्या हंगामात वायनरीनं माल उचलला नाही. वाइनचं द्राक्ष बारीक आणि बियांचं. बाजार समितीत त्याला कोण विचारणार? त्यांनी बाग उपटली. कर्ज मात्र फेडलं, रस्त्यालगतची अर्धा एकर विकून. शेवटचा हप्ता भरताना एवढंच म्हणाले, ‘साहेब, तुम्ही ती वाइन कधी पिऊन पाहिली होती का?’

नव्हती पाहिली. निवृत्तीनंतर पाहिली.

सॉव्हिन्याँचा पेला नाकाशी नेला, की नुकतंच कापलेलं गवत आणि हिरवी ढोबळी मिरची आठवते. कधी कच्चा पेरू. चव धारदार, आंबट. लिंबू पिळलेल्या वाफवलेल्या माशाबरोबर ती शोभते. शेनिन मवाळ. आपल्याकडची पुष्कळदा किंचित गोडसर असते आणि तिखटाला तीच मानवते, कारण गोडव्यानं जिभेची आग शमते. आंबट, कोरड्या वाइननं मिरची उलट भडकते. शार्दोने बर्गंडीची, तिच्यात द्राक्षापेक्षा लाकडी पिंपाचाच तोरा जास्त, असं माझं मत. लेकीच्या सुरमईला ती नको. आणि कुठलीही घ्या, बर्फासारखी गार करू नका. वास मिटून जातो.

हे मला 2005 साली ठाऊक असतं, तरी मंदी टळली नसती. पण त्या प्रश्नाला उत्तर देता आलं असतं.

गंगापूर रोडवरच्या दुकानदारानं दोन्ही बाटल्या पुढ्यात ठेवल्या. सुरमईला लेक तिखट सढळ हातानं लावते. मी शेनिन उचलली. चष्मा लावून मागचं लेबल वाचू लागलो. द्राक्षं कुठल्या गावची, ते छापलेलं नव्हतं.