जुना अॅम्प्लिफायर का गुणगुणतो?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला अॅम्प्लिफायर आजही अनेक घरांच्या शोकेसमध्ये ठाण मांडून असतो. मग कधीतरी गाण्यामागे ‘घुंऽऽ’ असा सूर ऐकू येऊ लागतो, आवाजाचे बटण फिरवले की खरखर होते, किंवा एक स्पीकर मुका होतो. ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत,’ असे दुकानदार सांगतो आणि यंत्र भंगारात जाते. वास्तविक अशा यंत्रांतले दोष बहुधा चार-पाच ठरलेल्या जागीच असतात आणि लक्षणांवरून ते ओळखताही येतात.

टाकी आटते तेव्हा

घरातली २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. अॅम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करतो आणि डायोड तिला एकाच दिशेला वळवतात. तरीही हा प्रवाह सलग नसतो, सेकंदाला १०० वेळा चढतो आणि उतरतो. तो सपाट करण्याचे काम मोठे कपॅसिटर करतात. नळाला ठरावीक वेळीच पाणी आले, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरात दिवसभर धार मिळते, तसाच हा प्रकार. टाकीची क्षमता घटली की चढउतार थेट स्पीकरपर्यंत पोहोचतात आणि घुमणे ऐकू येते.

हे कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिक जातीचे असतात. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांमध्ये रसायनात भिजवलेला कागद, अशी त्यांची गुंडाळी असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रसायन सुकत जाते. तापमान १० अंशांनी वाढले, की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. ८५ अंश सेल्सिअसला २,००० तास टिकणारा कपॅसिटर ५५ अंशांना सुमारे १६,००० तास टिकेल. रोज चार तास गाणी ऐकली, तर ही झाली जेमतेम ११ वर्षे. धूळ बसू नये म्हणून अॅम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल किंवा कव्हर टाकून तो सुरू ठेवला, तर हवेच्या जाळ्या बंद होतात आणि हे आयुष्य आणखी घटते.

घुमण्याचे कारण मात्र दरवेळी यंत्राच्या आतच असते असे नाही. आवाज शून्यावर आणूनही घुमणे तसेच राहिले, तर वीजपुरवठ्याच्या भागावर संशय घ्यावा. ते थांबले, तर दोष जोडलेल्या उपकरणात किंवा वायरमध्ये असण्याची शक्यता अधिक. केबल टीव्हीची वायर काढताच घुमणे थांबत असेल, तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये तयार झालेले वेटोळे हे कारण असू शकते. त्यावर उपाय म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे जिवावर बेतू शकते. आत वायर सुटून धातूच्या पेटीला लागली, तर शॉकपासून वाचवणारी वाट तीच असते.

खरखर आणि मुका स्पीकर

आवाजाच्या बटणामागे कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा धातूचा संपर्क असतो. पट्टीवर धूळ बसली की खरखर होते. प्लग काढून तिथे इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि बटण वीस-तीस वेळा फिरवावे. शिवणयंत्राचे तेल इथे चालत नाही, त्यावर धूळ आणखी चिकटते. साफ करूनही खरखर राहिली, तर झिजलेली पट्टी किंवा गळका कपॅसिटर हे कारण असू शकते.

एक बाजू बंद पडली तर आधी मागच्या बाजूला येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर अॅम्प्लिफायर निर्दोष आहे. तो जागेवरच राहिला आणि स्पीकरही ठीक असेल, तर रिले तपासावा. सुरू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज करून स्पीकर जोडणारा भाग म्हणजे रिले. त्याच्या टोकांवर थर जमला की हळू आवाजात एक बाजू गायब होते आणि आवाज वाढवला की परत येते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत असा थर लवकर धरतो. टोके कानशीने घासण्यापेक्षा रिले बदललेला बरा. यंत्रावर हळूच थाप मारल्यावर आवाज येत-जात असेल, तर तापून-थंड होऊन तडकलेला सोल्डरचा जोड शोधावा.

‘टक्’ ऐकू आला नाही तर

हे लक्षण गंभीर असू शकते. शेवटच्या टप्प्यातला पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर स्पीकरकडे थेट एकदिश दाब जातो आणि त्याची कॉइल जळते. म्हणून अनेक यंत्रांत रक्षक सर्किट रिले रोखून धरते. स्पीकर काढून त्या जागी मल्टिमीटरने एकदिश दाब मोजला, तर निरोगी यंत्रात तो साधारण ५० मिलिव्होल्टच्या आत असतो. काही व्होल्ट दिसले, तर स्पीकर जोडू नयेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण.

अनुभवी कारागीर अशा वेळी वीजपुरवठ्यात ६० ते १०० वॉटचा तारेचा जुना बल्ब सिरीजमध्ये जोडतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. तो लखलखतच राहिला, तर आत शॉर्ट आहे. बल्बमुळे प्रवाह मर्यादित राहतो, त्यामुळे नवे ट्रान्झिस्टर पहिल्याच क्षणी जळण्याचा धोका कमी होतो. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.

हात लावण्यापूर्वी

प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. स्क्रूड्रायव्हरने ती शॉर्ट करण्याऐवजी १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद टेकवावा. त्याच्या उघड्या तारांना हात लावू नये आणि शेवटी मीटरने खात्री करावी. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट असतात, तो घरी उघडूच नये. सोल्डरिंगच्या धुरातील राळेमुळे दमा बळावू शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते, त्यामुळे खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा आणि शक्यतो १०५ अंशांचा घ्यावा. धन-ऋण टोके उलटी लागली, तर तो फुटू शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असे भाग सहज मिळतात. मात्र नामांकित छापाचे बनावट ट्रान्झिस्टरही बाजारात असतात, त्यामुळे विश्वासातले दुकान गाठावे.

वायरींची अदलाबदल, बटणाची सफाई आणि वरचे कव्हर काढून ठेवणे एवढे कुणालाही करता येते. घुमणे आणि मुका रिले यांसाठी जाणता कारागीर गाठावा. ‘आवाज शून्यावर आणला तरी घुमतो’ किंवा ‘सुरू केल्यावर टक् होत नाही’ एवढे नेमके त्याला सांगितले, तरी त्याचे अर्धे काम वाचते. ट्रान्सफॉर्मरच जळाला असेल आणि जोडीचा मिळत नसेल, तर मात्र यंत्र भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे.