बेस गिटारच्या पोटात बॅटरी कशाला असते?

बँडचा लाइव्ह व्हिडिओ बघताना तुमच्याही डोक्यात हा प्रश्न आला असेल. तो कोपऱ्यात चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असलेला माणूस नक्की वाजवतोय काय? बोटं तर चालू आहेत, पण ऐकू काहीच येत नाही.

तो माणूस बेस वाजवत असतो. तो थांबला की गाणं पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं पोकळ वाटतं. पण ड्रम, कीबोर्ड आणि दोन गिटार यांच्या गर्दीत बेसचा आवाज नीट पोचवणं हे कायमचं दुखणं आहे. त्यावरचा एक इलाज गिटारच्या पोटातच बसवलेला असतो. त्याचं नाव ऑनबोर्ड प्रीअ‍ॅम्प. दुकानात बेस घ्यायला गेलात की विक्रेता विचारतो, "अ‍ॅक्टिव्ह दाखवू की पॅसिव्ह?" त्यातली अ‍ॅक्टिव्ह म्हणजे ही प्रीअ‍ॅम्पवाली, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारी. बऱ्याचदा किंमतही जास्त. मग ते जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

आधी साधी बेस कशी चालते ते बघू. तारांच्या खाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी किरकोळ वीज तयार होते. तीच केबलमधून अ‍ॅम्पकडे जाते. बाहेरून वीज लागत नाही, म्हणून ही पॅसिव्ह.

गोची होते ती केबलमध्ये. केबलच्या आत एक मधली तार असते आणि तिच्याभोवती जाळी. दोन्ही मिळून नकळत एक छोटा कपॅसिटर तयार होतो, ढोबळमानाने दर मीटरला १०० पिकोफॅरडचा. सहा मीटरची केबल घेतली की झाले ६००. पिकअपचा सिग्नल इतका नाजूक असतो की त्यातले वरचे, चकचकीत सूर या कपॅसिटरमधून गळून जातात. केबल जितकी लांब तितका आवाज मंद. त्यात व्हॉल्यूमचा नॉब थोडा कमी केला तर आवाजावर आणखी गोधडी पडते.

वरच्या मजल्यावर पाणी चढत नसेल तर सोसायटीत मोटर कुठे बसवतात? वरच्या नळापाशी नाही, खाली पाण्याच्या तोंडाशी. प्रीअ‍ॅम्पचंही तसंच. तो गिटारच्या आत, पिकअपच्या अगदी शेजारी बसतो. नाजूक सिग्नल घेतो आणि पुढे असा दणकट करून सोडतो की लांब केबलनेही त्याचं फारसं बिघडत नाही. तुम्ही म्हणाल, अ‍ॅम्पवरच ट्रेबल वाढवला तर? वाढवता येतो, पण केबलमध्ये जे गळायचं ते तोवर गळून गेलेलं असतं. मग उरलेल्या सुराबरोबर खरखरही वाढते.

दुसरा फायदा नॉबमध्ये आहे, आणि वाजवणाऱ्यांना खरी गोडी याचीच. पॅसिव्ह बेसचा टोन नॉब फक्त कापू शकतो. पूर्ण उघडा ठेवला की जे आहे ते मिळतं, फिरवला की वरचे सूर कमी होतात. नसलेलं काही वाढवणं त्याच्या हातात नाही. प्रीअ‍ॅम्पमध्ये बॅटरीची ताकद असल्यामुळे बेस, ट्रेबल आणि काही ठिकाणी मधले सूरही वाढवता येतात. गाणं चालू असताना, साउंडवाल्याकडे हातवारे न करता. एका गाण्यात अंगठ्याने तारा आपटत स्लॅप वाजवायचं आहे, पुढच्याच गाण्यात गायकामागे मऊ साथ द्यायची आहे, तर दोन्ही आवाज एकाच गिटारमधून निघतात.

या मधल्या सुरांचं एक प्रकरण तर थेट तुमच्या मोबाइलशी जोडलेलं आहे. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. मोबाइलचा चिमुकला स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाही. तरीही रीलमध्ये बेस ऐकू येते, कारण त्या सुराबरोबर ८२, १२३, १६४ हर्ट्झ असे वरचे उपसूर निघत असतात. त्यातले वरचे तेवढे स्पीकरमधून येतात आणि खालचा सूर आपला मेंदू मनाने भरून काढतो. म्हणून नुसता 'बेस'चा नॉब वाढवून बेस ऐकू येत नाही. मधला पट्टा वाढवला की येते. नवशिके नेमके इथेच फसतात.

ही कल्पना आली कुठून? १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात ग्रेटफुल डेड या बँडच्या ध्वनियंत्रणेभोवती जमलेल्या मंडळींनी अलेम्बिक ही कंपनी काढली आणि बेसच्या आत इलेक्ट्रॉनिक्स घालायला सुरुवात केली. पण ती वाद्यं महागडी होती. सर्वसामान्य वादकाच्या हातात ही गोष्ट आली १९७६ मध्ये, म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरेमुळे. गंमत म्हणजे तिच्यामागे होते लिओ फेंडर. १९५१ मध्ये ज्यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणून पॅसिव्ह बेसचा पाया घातला, तेच हे गृहस्थ. स्वतःला गिटार वाजवता येत नसे, हेही जाता जाता. शिक या बँडचे बर्नार्ड एडवर्ड्स यांनी स्टिंगरेवर डिस्को गाजवला. पुढे मार्कस मिलर यांनी आपल्या १९७७ च्या फेंडर जाझ बेसमध्ये न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडाउस्कींकडून प्रीअ‍ॅम्प बसवून घेतला, आणि तो आवाज त्यांची ओळख बनला.

मग पॅसिव्ह बेस निकामी का? अजिबात नाही. मोटाउनची कित्येक गाणी वाजवणारे जेम्स जेमर्सन साध्या प्रिसिजनवरच वाजवायचे. जेको पास्टोरियस यांची जाझ बेसही पॅसिव्हच. तो गोलसर, किंचित दबलेला आवाज हवा म्हणून आजही लोक मुद्दाम पॅसिव्ह घेतात. घरी तीन मीटरच्या केबलने सराव करणाऱ्याला तर केबलचा फरक फारसा जाणवणारही नाही.

शिवाय बॅटरी आली की तिचे नखरे आले. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसला वेगळं बटण नसतं, केबल खुपसली की प्रीअ‍ॅम्प चालू होतो. वाजवून झाल्यावर केबल तशीच ठेवली तर बॅटरी रात्रंदिवस खर्च होत राहते. ती संपायला आली की आधी आवाज फाटायला लागतो, मग विरत जातो, आणि हे नेमकं कार्यक्रमाच्या मध्यात होतं. म्हणून काही बेसवर प्रीअ‍ॅम्प बाजूला सारून थेट पॅसिव्ह वाजवायचा स्विच देतात. जोरात स्लॅप करणाऱ्यांना ९ व्होल्ट अपुरे पडतात आणि आवाज कडांना फाटतो. त्यासाठी दोन बॅटऱ्यांचे १८ व्होल्टचे प्रीअ‍ॅम्प असतात. ट्रेबल कमालीचा वाढवला तर सूं असा आवाजही येतो.

सेकंडहँड अ‍ॅक्टिव्ह बेस घेत असाल तर स्वतःची नवी बॅटरी खिशात घेऊन जा. ती घाला, सगळे नॉब मधल्या खाचेवर आणा, मग एकेक करून टोकापर्यंत फिरवा. खरखर येतेय का, आवाज खरंच बदलतोय का, ते कान देऊन ऐका. स्विच असेल तर पॅसिव्हवर टाकूनही वाजवा. तिथे आवाज गायब होत असेल तर बिघाड प्रीअ‍ॅम्पच्या पलीकडचा आहे, आणि नुसता प्रीअ‍ॅम्प बदलून तो जाणार नाही.