ताप उतरल्यावर उरणारी घशाची खवखव

सर्दी-पडसे किंवा फ्लूसारख्या विषाणुजन्य आजारात दुखू लागलेला घसा बहुधा आठवडाभरात बरा होतो. मात्र काहींच्या बाबतीत ताप उतरला, अंगदुखी गेली, भूक परतली, तरी खवखव हटत नाही आणि कोरडा खोकला तर कधीकधी ८ आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. अशा वेळी रोग अजून अंगात मुरलेला आहे असे वाटणे स्वाभाविक असले, तरी बहुतेकदा विषाणू केव्हाच गेलेला असतो. त्याने दुखावलेले घशाचे ओलसर अस्तर, म्हणजे श्लेष्मल त्वचा, भरून यायला वेळ लागतो आणि तेथील मज्जातंतूंची टोके इतकी हळवी झालेली असतात की उदबत्तीचा धूर किंवा मिरचीच्या फोडणीचा खाटही घशाला सोसत नाही.

नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, चोंदलेल्या नाकामुळे रात्रभर तोंडाने घेतलेला श्वास, जठरातून वर येणारे आम्ल (यात छातीत जळजळ व्हायलाच हवी असे नाही) ही कारणे डॉक्टरांकडून ऐकायला मिळतात. परंतु सर्वांत दुर्लक्षित राहते ती घसा खाकरण्याची सवय. खाकरताना स्वरतंतू, म्हणजे ज्यांच्या कंपनातून आवाज निघतो ते स्वरयंत्रातील दोन पडदे, एकमेकांवर जोराने आपटतात. त्याने सूज वाढते, सुजेमुळे घशात काहीतरी अडकल्याचा भास होतो आणि ते काढण्यासाठी माणूस पुन्हा खाकरतो. काढण्याजोगे तेथे बहुधा काहीच नसते. म्हणून खाकरावेसे वाटताच घोटभर पाणी पिणे, पाणी हाताशी नसल्यास आवंढा गिळणे, हा उपाय क्षुल्लक वाटला तरी तो नेमका मुळावर काम करतो. बसलेल्या घशाला विश्रांती म्हणून कुजबुजत बोलणारेही पुष्कळ असतात, परंतु कुजबुजण्याने अनेकांच्या स्वरयंत्रावर उलट ताण येतो. त्यापेक्षा हलक्या, स्वाभाविक आवाजात मोजके बोलावे.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्यांनी घशाला तात्पुरता आराम पडतो. मधाने खोकल्याची उबळ शमते, परंतु बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या भीतीने १ वर्षाखालील बाळाला तो मुळीच देऊ नये. निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या ज्येष्ठमधाचेही तसेच आहे: त्यातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य रोज भरपूर पोटात गेल्यास रक्तदाब वाढवते.

मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेणे मात्र निव्वळ अविचार होय, कारण ही औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूने घसा धरला असेल तर ती आवश्यक ठरतात, कारण उपचाराविना त्यातून उद्भवणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा निकामी करू शकतो. तथापि हे निदान डॉक्टरांनी घसा पाहून आणि गरजेनुसार घशातील स्रावाचा नमुना तपासूनच करायचे असते.

लाळही गिळता न येणे, तोंड उघडता न येणे किंवा श्वासाला घरघर लागणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. आवाज ३-४ आठवड्यांनंतरही घोगराच राहिला, मानेत गाठ लागली किंवा गिळताना एकाच कानात कळ जाऊ लागली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. तंबाखू, मिश्री किंवा विडीचे व्यसन असणाऱ्यांनी तर हे सारे सर्दीवर ढकलत बसू नये.