शोधणाऱ्याला सापडेल असं नाव

1 डिसेंबर 2015 च्या रात्री चेन्नईत अड्यार नदीनं पात्र सोडलं. तांबरमला चोवीस तासांत 49 सेंटिमीटर पाऊस कोसळला होता. चेंबरमबाक्कम तलावातून 29 हजार क्युसेक पाणी सोडलं जात होतं. ते समुद्राकडे निघालं ते शहरातल्या गिंडी आणि सैदापेट या भागांच्या मधून. दोन्ही बाजूंना जोडणारा सैदापेटचा पूल वाहतुकीला बंद झाला, विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी आलं आणि कामगारच छापखान्यापर्यंत पोचू न शकल्यामुळे ‘द हिंदू’चा 2 डिसेंबरचा अंक छापला गेला नाही. 1878 मध्ये सुरू झालेल्या वर्तमानपत्रावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

वीज गेली होती, फोन धड लागत नव्हते. पण डेटा कुठे ना कुठे अधूनमधून चालत होता, म्हणून लोक ट्विटरकडे वळले. कुणाची आजी पहिल्या मजल्यावर अडकलेली, कुणाला बाळासाठी दूध हवं, कुणाकडे होडी आहे पण जायचं कुठे ते ठाऊक नाही. हॅशटॅग ही काय चीज आहे, ते कधी उपयोगी पडतं आणि कधी नुसतंच शोभेला उरतं, हे समजून घ्यायला त्या आठवड्याइतकं चांगलं उदाहरण आपल्या देशात दुसरं नाही.

सुरुवातीला सगळे वापरत होते ते ‘#चेन्नईरेन्स’. (लिहायचे अर्थातच रोमन लिपीत.) हा टॅग जुना. तिथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, आपल्याकडे दिवाळी येते तेव्हाचा. त्या दिवसांत ढगांचे नकाशे घेऊन बसणारी हौशी हवामानवेड्यांची मोठी मंडळी चेन्नईत आहे आणि हा टॅग त्यांच्या रोजच्या वापरातला. पूर आला तसा त्याच टॅगखाली सगळा देश लोटला. प्रार्थना, फोटो, सरकारला शिव्या, दिल्लीच्या वाहिन्यांबद्दलची तक्रार, अफवा, सगळं एकत्र. टॅग देशभर गाजत होता आणि नेमक्या त्याच कारणानं गच्चीवर अडकलेल्या माणसाच्या काहीच कामाचा राहिला नव्हता. त्याची हाक पुढच्या काही क्षणांत शेकडो नव्या ट्विटांखाली गाडली जात होती.

मग टॅग फुटले, आणि फुटले ते बरंच झालं. मदतीसाठी ‘#चेन्नईरेन्सहेल्प’, सुटकेसाठी ‘#चेन्नईरेस्क्यू’, हात द्यायला तयार असणाऱ्यांसाठी ‘#चेन्नईव्हॉलंटिअर’. ट्विटर कंपनीनंही लोकांना हे टॅग वापरायला सांगितलं. अभिनेता सिद्धार्थ आणि रेडिओवरचा आर. जे. बालाजी यांच्यासारख्यांनी आपल्या लाखो अनुयायांपर्यंत ते पोचवले. हाक मारणारा आणि हाक शोधणारा, दोघांनी एकच शब्द वापरायचा, एवढाच हा करार. टॅग जितका अरुंद, तितकी त्याखाली जमलेली माणसं कामाची. प्रसिद्धीच्या धंद्यातले सल्लागार हेच पैसे घेऊन शिकवतात. चेन्नईकरांना ते पाण्यानं दोन दिवसांत शिकवलं.

अडचणीही झाल्या. गिंडीला लागून, नदीकाठी लघुउद्योगांनी गजबजलेला एक भाग आहे. त्याचं नाव रोमन लिपीत लिहायला घ्या: कुणी एक्काटुतांगल लिहितं, कुणी एक्कट्टुतांगल, कुणी एक्काडुतांगल. जाफरखानपेट या भागाचंही तेच. माणसाला एकाच नावाची अशी तिन्ही रूपं एकच वाटतात. यंत्राला ती तीन वेगळी गावं वाटतात. टॅग अक्षरानं जुळतो, अर्थानं नाही. दुसरी अडचण शिळेपणाची. सकाळी सुटका झालेल्या कुटुंबाचा निरोप रात्रीपर्यंत भल्या मनाची माणसं पुढे ढकलत राहिली. म्हणून स्वयंसेवकांनी हे निरोप एका सामाईक तक्त्यात उतरवले आणि फोन करून खात्री करायला सुरुवात केली. म्हणजे टॅगनं फक्त गोळा करून दिलं. निवडलं आणि पाखडलं ते माणसांनीच.

मुंबईनं हे पुढे नेलं. 29 ऑगस्ट 2017 ला शहर तुंबलं तेव्हा ‘#मुंबईरेन्स’च्या गर्दीतून ‘#रेनहोस्ट्स’ हा वेगळा टॅग निघाला. अर्थ एकच: माझ्या घरी रात्री थांबायला जागा आहे, या. एक टॅग, एक काम.

तसं पाहिलं तर हॅशटॅगचा जन्मच या गरजेतून झाला. 23 ऑगस्ट 2007 ला ख्रिस मेसिना या अमेरिकी तंत्रज्ञानं सुचवलं, की एकाच विषयावर बोलणाऱ्यांनी शब्दाआधी # लावावं, म्हणजे गट ओळखू येईल. ट्विटरला ते फार पसंत पडलं नव्हतं. दोनच महिन्यांनी सॅन डिएगोत वणवे पेटले, लोकांनी ‘#सॅनडिएगोफायर’ वापरला आणि कल्पना रुजली. 2009 मध्ये ट्विटरनं या चिन्हाचा दुवा केला. फेसबुक 2013 मध्ये मागून आलं.

आता रविवार पुरवणीच्या वाचकाला पूर कशाला, त्याला आपल्या खाकऱ्याचा, पैठणीचा, क्लासचा ग्राहक हवा असतो. तर त्याच्याकडे येऊ. इन्स्टाग्रामवर एका पोस्टखाली तीस टॅग चालायचे, म्हणून मोजून तीस चिकटवायची सवय लागली, आणि त्यात ‘#लव्ह’सारखे अब्जावधी पोस्टींचे टॅग. तिथे तुमचा खाकरा कोण शोधणार? इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच सांगून टाकलंय, की टॅगमुळे प्रेक्षक फारसे वाढत नाहीत. पोस्ट कशाबद्दल आहे हे यंत्राला कळायला मदत होते, इतकंच. 2024 च्या अखेरीस टॅगला ‘फॉलो’ करण्याची सोयही त्यांनी काढून टाकली. यूट्यूबवर तर एका व्हिडिओला साठाहून जास्त टॅग लावले, तर यूट्यूब त्यातला एकही धरत नाही. माझ्या मते तीन-चार पुरे: एक वस्तूचा, एक गावाचा, एक तुमच्या ग्राहकाच्या तोंडातला. उरलेली ताकद पोस्टच्या ओळीत चांगलं मराठी लिहिण्यात घालावी, कारण आता शोध त्या ओळीतही घेतला जातो.

देवनागरी टॅग लावत असाल तर थोडं सांभाळा. मध्ये जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो. ‘#देवगड हापूस’ लिहिलंत तर हापूस बाहेर. जोडरेघेनंही तुटतो, खालची रेघ मात्र चालते. रोमनमध्ये मोठं अक्षर घालून शब्द वेगळे दाखवता येतात, आपल्याकडे मोठं-छोटं अक्षरच नाही, त्यामुळे चार शब्दांची आगगाडी वाचताना दम लागतो. आणि ‘कोल्हापुरी’, ‘कोल्हापूरी’ हे दोन वेगळे टॅग आहेत. शुद्धलेखनाच्या मास्तरांना इतका मोठा पुरावा याआधी कधी मिळाला नसेल. धंद्यासाठी मात्र, जड मनानं सांगतो, लोक जसं लिहितात तसं आधी शोधून पाहा आणि मग ठरवा.

कोल्हापुरीवरून पुन्हा गिंडीच. जीएसटी रोडवर, म्हणजे ग्रँड सदर्न ट्रंक रोडवर, बौद्धिक संपदा कार्यालयाची इमारत आहे. भौगोलिक मानांकनाची, म्हणजे ज्याला सगळे ‘जीआय टॅग’ म्हणतात त्याची, देशभराची नोंदवही तिथे ठेवली जाते. पैठणी, नाशिकची द्राक्षं, नागपूरची संत्री, सगळ्यांची नोंद याच दप्तरी. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये मानांकन मिळालं, कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये, तेही महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. अर्ज, पुरावे, हरकती, वर्षानुवर्षांची वाट. हॅशटॅगला यातलं काहीच लागत नाही. कुठलाही आंबा, कुठलीही पेटी, खाली ‘#देवगडहापूस’, की झालं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

या दोन टॅगांची गाठ जून 2025 मध्ये पडली. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं ‘चामडी सँडल’ म्हटलं. आपल्या लोकांनी इंटरनेटवर रान उठवलं. गाजावाजा इतका झाला, की कंपनीनं महाराष्ट्रातल्या व्यापारी मंडळाला पत्र लिहून प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती जुलैत फेटाळली गेली, कारण दाद मागायची तर ती मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी, आणि हे मालक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. डिसेंबरमध्ये प्राडानं करार केला तो याच दोघांशी. आवाज उठवला सोशल मीडियानं, सही करायला मात्र ज्यांचं नाव गिंडीच्या वहीत आहे तेच लागले.

म्हणून मानांकन असलेली वस्तू विकणाऱ्यानं टॅगवर न थांबता पुरावा दाखवावा. 2025 च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं प्रत्येक फळावर क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. क्रमांकाचा अर्धा भाग वर दिसतो, उरलेला स्टिकर फाडल्याशिवाय दिसत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, मग समोरून झाकलेल्या भागाबद्दल विचारणा होते आणि आंबा खरा की खोटा ते ठरतं. लिडकॉमनं, म्हणजे महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळानंही, कोल्हापुरीवर क्यूआर कोड आणला. रील करायचीच असेल तर बागेतल्या सूर्यास्ताऐवजी ते स्टिकर फाडतानाचे दहा सेकंद दाखवा, आणि खाली गावाचं नाव लोक लिहितात त्या स्पेलिंगात.