शारदेच्या दुसऱ्या दिवशी

कन्हानकाठच्या खाप्यात हातमागाच्या खटखटीतच कित्येक पिढ्यांचा श्रीगणेशा झाला. वसंत पंचमी हा शारदेचा दिवस. २०२६ साली ती २३ जानेवारीस आली, आणि दुसऱ्याच दिवशी कॅथलिक पंथीयांचा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा स्मृतिदिन होता. नागपुरातील १८७० सालची शाळा त्यांच्याच नावाची; नागपूरकर तिला ‘एस.एफ.एस.’ म्हणतात.

कॅथलिक शाळांतून आश्रयदात्या संताच्या दिवशी प्रार्थना होते, गाणी होतात, खाऊ वाटला जातो. वर्गात हिंदू मुलेही असतात. परक्या संतापुढे आपल्या लेकराने हात जोडावे काय, ही शंका एखाद्या आजीच्या मनात येते; ती येणे गैर नाही. तथापि या सत्पुरुषाने काय केले, ते तिने आधी ऐकावे.

१५६७ साली जन्मलेले फ्रान्सिस जिनिव्हाचे बिशप. राहत मात्र आनेसीस. तरुणपणी, लोक प्रवचनास येईनात तेव्हा त्यांनी पत्रके लिहून दारांखालून सरकवली. १९२३ साली पोपनी त्यांना लेखकांचे आश्रयदाते ठरविले. (आम्हा वृत्तपत्रवाल्यांना हे ठाऊक असावयास हवे!) परंतु मोठी गोष्ट दुसरीच. मूकबधिरास धर्मज्ञान देणे अशक्य, असा त्या काळी समज होता. असा एक तरुण त्यांच्यापुढे आला. बिशपांनी त्यास घरी ठेवून घेतले, खुणा योजल्या आणि स्वतः शिकविले. पुढे इतरांसारखाच तोही ख्रिस्तप्रसाद घेण्यास वेदीपाशी गेला.