बोअरच्या पाण्यात साबणाची डाळ शिजत नाही

भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीत पाणीकपातीच्या दिवशी बोअर सुरू होतं, हे कळायला नोटीस लागत नाही. साबण कितीही घासा, फेस नाही. केस चिकट, बादलीला राखाडी कडं. डाळही बोटचेपी होत नाही.

परवा दोन बाटल्या भरल्या, एक नळाच्या पाण्याची, एक बोअरच्या. दोन्हींत चिमूटभर साबणाचा कीस टाकून हलवल्या. पहिलीत गळ्यापर्यंत फेस आला, दुसरीत फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या.

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या खुंटीला तीन मेदाम्लं टांगलेली असतात. कॉस्टिक सोडा ती उतरवतो आणि सोडियमशी त्यांची गाठ मारतो, तो साबण. किलोभर खोबरेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक पुरतो. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या सोडियमला हुसकावून लावतं. एकेक कॅल्शियम दोन-दोन मेदाम्लं धरून बसतं, आणि ही जोडी पाण्यात विरघळत नाही. त्याच त्या गुठळ्या.

मला गंमत वाटते ती मिठाची. आमच्याकडे मिठागरं, शेजारच्या खारीगावाच्या तर नावातच खार. कॉस्टिक तयार होतो तोही मिठाच्या पाण्यातून वीज सोडूनच. पुढे कढईत साबण शिजला की पुन्हा मीठच टाकतात. साबण सुटून वर तरंगतो, ग्लिसरीन खाली खाऱ्या पाण्यात राहतं. आणि मिठागरात मीठ काढल्यावर जे कडवट पाणी उरतं, त्यात साबणाचा वैरी मॅग्नेशियम ठासून भरलेला!

मग तिसऱ्या बाटलीत बोअरच्याच पाण्यात धुण्याची पावडर टाकली. फेस आला. भारतात १९५९ साली सर्फ आली, १९६९ साली निरमा, आणि धुणं साबणाच्या वडीवरून पावडरीकडे वळलं. पावडरीचा जीव म्हणजे बाजारात जिला ॲसिड स्लरी म्हणतात ती, सोड्याने शमवलेली. तिच्या रेणूचं टोक सल्फोनेटचं; कॅल्शियमने धरलं तरी ते साबणासारखं चटकन गुठळी होऊन बसत नाही.

आमच्या कामवाल्या मावशींना हे रसायनशास्त्र कुणी शिकवलेलं नाही. बोअरचं पाणी असलं की त्या बादलीत आधी धुण्याचा सोडा टाकतात, पाणी गढूळ होऊन निवळेपर्यंत थांबतात, मगच कपडे भिजवतात. कॅल्शियम तळाशी बसलेलं असतं. अंघोळीला हा उपाय चालत नाही, कातडी कोरडी पडते. म्हणून कपातीच्या आदल्या रात्री मी नळाच्या पाण्याची एक बादली झाकून ठेवतो.