घरच्या बिअरचा संच: भंगारातून उभे राहिलेले एक दशक

घरी बिअर करण्याच्या संचाला मुळात चारच कामे असतात. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६६-६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजवायचे. त्यातले गोड पाणी, म्हणजे वर्ट, निथळून घ्यायचे. ते हॉप्स घालून तासभर उकळायचे. आणि झटपट निववून, यीस्ट घालून, झाकणबंद पिंपात आंबायला ठेवायचे. या कामांना लागणारी भांडी, चाळण, शेगडी आणि निववायची नळी म्हणजे संच. अमेरिकेत गेल्या शंभर वर्षांत हा संच कधी चोरून, कधी भंगारातून आणि शेवटी कारखान्यातून घरात आला. तो कोणी जोडला, यावर या छंदाची इयत्ता ठरत गेली. २०२४ मध्ये अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनने आपले वार्षिक संमेलन स्वतंत्रपणे न भरवता डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये सामावून टाकले. हौशी मंडळींचा हक्काचा मेळावा व्यावसायिकांच्या जत्रेत विरून जावा, ही घटना जुन्या लोकांना लागली. त्यामुळे हा मागोवा घेणे गरजेचे झाले.

सुरुवातीच्या वर्षांविषयी फार लिहावे असे काही नाही. १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि मोठ्या ब्रुअऱ्या डब्यातला माल्टचा पाक विकू लागल्या. लोक तो घरी नेऊन साखर आणि पावाच्या यीस्टसह आंबवत. संच म्हणजे एक चिनी मातीची बरणी आणि काही बाटल्या. बिअर बहुधा आंबूस निघे आणि बाटल्या फुटत. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, घरगुती वाइनला मुभा मिळाली, पण घरगुती बिअर कायद्यातून वगळलेलीच राहिली. ही चूक दुरुस्त व्हायला ४५ वर्षे लागली. तेवढ्या काळात एका अख्ख्या पिढीच्या हातचे कौशल्य गेले, आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारला नाही.

ब्रिटनमध्ये १९६३ साली घरच्या बिअरवरचा परवाना रद्द झाला आणि तिथे पुस्तके, यीस्ट आणि साहित्याची दुकाने लवकर आली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये विधेयकावर सही केली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बिअर करण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी होमब्रुअर्स असोसिएशन स्थापन केली. राज्यांचे कायदे मात्र वेगळे होते; मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली.

या मुक्तीच्या आधीच काही हातांनी काम सुरू केले होते. जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये सोनोमा येथे न्यू अल्बियन ब्रुअरी उभारली, ती सोड्याच्या सिरपची जुनी पिंपे आणि मिळेल ते साहित्य जोडून. केन ग्रॉसमन यांनी त्याच वर्षी चिको गावात घरच्या बिअरच्या साहित्याचे दुकान काढले आणि पुढे जुन्या दुग्धालयांची यंत्रे आणून सिएरा नेवाडा ब्रुअरी उभी केली. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांची चळवळ अशा जोडकामातून जन्मली. पापाझियन यांच्या १९८४ च्या पुस्तकाने हेच ज्ञान स्वयंपाकघरात आणले. त्यातली गाळणी अगदी साधी: प्लास्टिकच्या दोन बादल्या, आतल्या बादलीच्या तळाला ड्रिलने पाडलेली शेकडो छिद्रे, बाहेरच्या बादलीला तोटी. तरीही ऐंशीच्या दशकात बहुतेक लोक डब्यातला पाकच पाण्यात कालवत होते.

खरे दशक नव्वदचे. धान्यापासून बिअर करायची तर मोठी भांडी हवीत, आणि ती बाजारात परवडत नव्हती. म्हणून लोकांनी ती जोडली. सर्वात मोठे भांडे बिअरच्या रिकाम्या केगमधून निघे. स्टेनलेस स्टीलचे १५.५ गॅलनचे, म्हणजे ५८ लिटरहून थोडे जास्त मावेल असे पिंप. आधी व्हॉल्व्ह दाबून आतला वायू पूर्ण सोडायचा, कारण दाब असलेल्या केगवर हत्यार चालवणे जिवावर बेतू शकते. मग वरच्या भागावर खडूने सुमारे फूटभर व्यासाचे वर्तुळ आखून ग्राइंडरने कापायचे आणि कापलेली कड बोट फिरवले तरी लागणार नाही इतकी घासायची. तळाजवळ भोक पाडून, सिलिकॉनची ओ-रिंग आणि वायसर लावून अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह कसायचा. वेल्डिंगची गरजच नाही. पितळेचा सांधा असेल तर तो आधी व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात बुडवायचा. पृष्ठभागावरचे शिसे निघून पितळ लोण्यासारखे पिवळे दिसू लागले, की सांधा वापराजोगा झाला.

माल्ट भिजवायला सहलीला नेतात तो गोल कूलर घेत. त्याच्या जाड भिंती तासभर तापमान धरून ठेवतात, शिवाय शेगडी लागत नाही. मूळची तोटी काढून आत तांब्याच्या नळ्यांची चौकट बसवायची आणि त्या नळ्यांना हॅकसॉने बारीक चिरा पाडून चिरांची बाजू खाली ठेवायची. वर धान्याचा थर गाळणीचे काम करी आणि चिरांतून स्वच्छ वर्ट उतरे. निववायला तीन अष्टमांश इंच व्यासाची पन्नास फूट तांब्याची नळी एखाद्या गोल पिंपाभोवती गुंडाळत. नळी चेपू नये म्हणून आत पाणी भरून दोन्ही टोके बंद करत. उकळी संपत आली की हे वेटोळे वर्टमध्ये सोडायचे आणि आतून नळाचे पाणी वाहवायचे. अर्ध्या तासात वर्ट यीस्ट घालण्याजोगे निवते. गरम पाण्याचे आणखी एक भांडे घेऊन ही तीन भांडी पायऱ्यांसारखी एकावर एक मांडली की पंपही लागत नाही: वर गरम पाणी, मध्ये कूलर, खाली उकळण्याचा केग. खालची प्रोपेनची शेगडी मोकळ्या हवेतच पेटवायची, कारण बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड माणसाचा जीव घेतो.

याच वर्षांत शीतपेय कंपन्यांनी सिरप स्टीलच्या पिंपांऐवजी खोक्यातल्या पिशव्यांतून पुरवायला सुरुवात केली. परिणामी पाच गॅलनची हजारो कॉर्नेलियस पिंपे भंगाराच्या भावात आली. रबरी वायसर बदलून ती घासली की बाटल्या भरण्याचे कंटाळवाणे काम संपे. जुना डीप फ्रीझर आणि बाहेरून जोडलेला थर्मोस्टॅट हा शेवटचा भाग. आंबवण १८ ते २० अंशांवर स्थिर राहू लागले आणि घरची बिअर पहिल्यांदा निःसंकोच पाहुण्यांसमोर ठेवण्याजोगी झाली. संचातल्या इतर कोणत्याही वस्तूने चवीत एवढा फरक पाडला नाही.

त्या दशकाचे काही हिशेब अजून चुकते व्हायचे आहेत. पहिला पुस्तकांचा. बिअर आठवड्याभरात दुसऱ्या काचेच्या बरणीत ओतलीच पाहिजे, नाहीतर मेलेल्या यीस्टने ती बिघडेल, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. घरगुती प्रमाणात ही भीती निराधार होती, आणि जॉन पामर यांच्यासारख्या नावाजलेल्या लेखकानेही पुढे हा सल्ला मागे घेतला. तोवर अनावश्यक ओतणीत किती बिअर हवा लागून खराब झाली आणि ओल्या हातांतून निसटलेल्या काचेच्या जड बरण्यांनी किती लोकांचे हात कापले, याची मोजदाद नाही. दुसरा हिशेब अॅल्युमिनियमचा. त्याच्या भांड्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो, या आधार नसलेल्या अफवेपायी स्वस्त आणि चांगली भांडी नाकारली गेली. तिसरा हिशेब हौशी मंडळींचाच. कापलेले अनेक केग ब्रुअऱ्यांच्या मालकीचे होते. दुकानात भरलेली अनामत केगच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी असे, आणि केग परत न करणे म्हणजे दुसऱ्याचा माल बळकावणेच होते. ज्यांनी भंगारवाल्याकडून किंवा ब्रुअरीकडून रीतसर विकत घेतले, त्यांचा मार्गच बरोबर होता.

पुढची वर्षे सोयीची आहेत, म्हणून त्यांची हकिकतही छोटी. पामर यांचे पुस्तक २००० च्या सुमारास सर्वांना उपलब्ध झाले आणि जोडकामाचे शास्त्र एका ठिकाणी आले. ऑस्ट्रेलियातून मोठ्या कापडी पिशवीत धान्य भिजवण्याची पद्धत पसरली. एक पातेले आणि एक पिशवी एवढ्यात काम भागू लागले. ही सुधारणा खरी होती, कारण तिने खर्च कमी केला आणि समज कमी केली नाही. त्यानंतर सगळी कामे एकाच भांड्यात करणारी विजेची यंत्रे आली. त्यांतली चांगली यंत्रे तापमान अचूक राखतात आणि छोट्या घरात मावतात, हे मान्य करायला हवे.

तक्रार आहे ती पुढच्या पायरीविषयी. सिएटलच्या पिकोब्रूने साहित्य भरलेल्या तयार पाकिटांवर आणि इंटरनेटवर चालणारे यंत्र आणले. २०२० मध्ये कंपनी बंद पडली आणि ग्राहकांची महागडी यंत्रे निरुपयोगी होण्याची वेळ आली. ती वाचवली हौशी लोकांनीच, स्वतःचे सर्व्हर लिहून. दुसरीकडे, साहित्य विकणारे नॉर्दर्न ब्रुअर हे मोठे दुकान २०१६ मध्ये एबी इनबेव्ह या जगातल्या सर्वात मोठ्या बिअर कंपनीच्या शाखेने विकत घेतले. ज्या एकसुरी बिअरला कंटाळून लोक घरी बिअर करू लागले, तिच्याच उत्पादकाच्या हाती संच आणि यीस्ट विकण्याचे काम गेले. पुढे कंपनीने ते दुकान विकून टाकले, पण तोवर अनेक शहरांतली छोटी दुकाने बंद झाली होती. तिथे ग्राहकाला नळी दाखवून योग्य सांधा शोधून देणारा माणूस असे. ती जागा अजून कोणी भरून काढलेली नाही.

महाराष्ट्रात हा छंद कायद्याच्या दाराबाहेरच आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, घरच्या वापरासाठीही. पुण्यात २००९ मध्ये डूलालीच्या रूपाने मायक्रोब्रुअरी आली आणि ताज्या बिअरची चव लोकांना कळली, पण ती स्वतः करून पाहण्याची वाट उघडली नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ती मोकळी आहे.

अशा नवशिक्याने यंत्र घेण्याआधी एक पातेले, एक कापडी पिशवी, थर्मामीटर आणि झाकणाची बादली एवढ्यावर सुरुवात करावी. तांब्याचे वेटोळे मात्र स्वतः वळवावे आणि व्हॉल्व्ह स्वतः कसावा. स्वतः जोडलेल्या संचात बिघाड झाला की तो कुठे झाला हे करणाऱ्याला कळते आणि तो दुरुस्तही करता येतो. नव्वदच्या दशकाने घरोघर दिलेली खरी गोष्ट हीच होती, आणि ती कोणत्याही बंद पेटीत विकत मिळत नाही.